घर क्रमांक नऊ, यादीत पहिला

मी, खाली सही करणारा, वय सेहेचाळीस, अविवाहित, धर्माने कॅथलिक, पोटापाण्यासाठी नगरकचेरीच्या घरनोंदणी खात्यात कारकून, राहणार घर क्रमांक नऊ, आज गुरुवारी दुपारी, जेवण झालेले आणि डोके ठिकाणावर असताना, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो. असा कागद मी यापूर्वी केलेला नाही. डोके ठिकाणावर आहे हे विधान तीनदा खोडले आणि चौथ्यांदा ठेवले. ताईचे मत वेगळे आहे. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ठिकाणावर असतं तर हे लिहायला बसला असतास का?" तिचेही म्हणणे इथे नोंदवतो. एकच बाजू लिहिली असे कुणी म्हणायला नको.

या कागदात कुणाचे नाव नाही. वकीलसाहेबांनी हरकत घेतली. म्हणाले, "नावांशिवाय मृत्युपत्र टिकत नाही हो." मी म्हणालो, गेल्या आठवड्यात माझ्या हातून एका माणसाचा पत्ता अगदी बरोबर लिहिला गेला, आणि आता तो माणूस टिकेल की नाही अशी पाळी आली आहे; तेव्हा नाती आणि धंदे यांवरच भागवू. गावात घड्याळजी एकच आहे, फादर एकच, कॅप्टनसाहेबही सुदैवाने एकच. ओळखायला अडचण पडू नये.

कलम पहिले: कारण

मृत्युपत्रात कारण द्यायची पद्धत नाही. पण कारण दिल्याशिवाय मी कधी रजेचा अर्जही केलेला नाही.

नदीपलीकडच्या सैन्याने आपले दोन शिपाई पकडून ठेवले आहेत आणि त्यांना मारण्याची धमकी दिली आहे. हे वाईट आहे. आपल्या गावात एकजात सगळे तसे म्हणतात, मीही म्हणतो. त्यावर आपल्या कॅप्टनसाहेबांनी गेल्या शनिवारी खालच्या आळीतली सात माणसे उचलली. त्यांचा गुन्हा एवढाच, की प्रत्येकाचे कुणी ना कुणी पलीकडच्या बाजूने लढते आहे. त्यांना चर्चच्या सभागृहात कोंडले. उद्या, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आपले दोघे परत आले नाहीत, तर यादीतल्या पहिल्याला गोळी घालायची, शनिवारी दुसऱ्याला, सोमवारी तिसऱ्याला. रविवारी नाही. साहेब रविवार पाळतात.

हेही वाईट आहे असे म्हणणारे गावात तिघे निघाले: फादर, शवपेट्या करणारा सुतार आणि माझी ताई. त्यातली ताई फक्त घरात म्हणते. मी चौथा. मला पाच दिवस उशीर झाला.

कलम दुसरे: घर

घराचा माझा अर्धा हिस्सा ताईला. दुसरा अर्धा तिचाच आहे, म्हणजे आता तिला भिंतीच्या कोणत्या बाजूला ओल आली यावरून माझ्याशी भांडता येणार नाही. भाऊजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, घरात आहे तसे राहावे. अट एकच: चर्चच्या धर्मग्राम समितीची बैठक आमच्या पुढच्या खोलीत पुन्हा कधीही भरवू नये.

मागच्या शनिवारी भरली होती. एरवी ती सभागृहात भरते, पण सभागृहात ओलीस होते. भाऊजी समितीचे अध्यक्ष, मी चिटणीस. अकरा जण आले आणि सगळे खुर्चीच्या कडेवर बसले.

फादर म्हणाले, "सात निष्पाप माणसं आपल्या छपराखाली कोंडली आहेत. त्यांना सोडा, असं दोन ओळीत लिहून देऊ आणि घरी जाऊ."

"फादर, सोडा म्हणणं सोपं आहे," भाऊजी म्हणाले. "पण साहेबांची बाजूही बघायला हवी. आणि शब्द जरा जपून. ओलीस म्हटलं की फार वाईट दिसतं."

"काय म्हणायचं मग?"

"पाहुणे म्हणू."

दारात उभी असलेली ताई म्हणाली, "पाहुण्यांना बाहेरून कुलूप लावतात वाटतं?"

"सुरक्षित पाहुणे," भाऊजींनी दुरुस्ती केली. आणि मी, देवा मला क्षमा कर, इतिवृत्तात लिहिले: सुरक्षित पाहुणे, सात.

फादरनी विचारले, "कुलूप दिलं कुणी?" भाऊजींचे लोखंडी सामानाचे दुकान आहे. ते म्हणाले, "मीच दिलं. चर्चच्या दाराला साधं कुलूप शोभलं नसतं. आणि कुलूप म्हणजे काही शस्त्र नव्हे, फादर. कुलपाने आजवर कुणी मेलेलं नाही."

शेवटी ठराव झाला. समितीने परिस्थितीबद्दल समजूतदार खेद व्यक्त केला, पाहुण्यांना सात गाद्या मंजूर केल्या आणि कुलपाबद्दल अध्यक्षांचे आभार मानले. आभाराचा ठराव एकमताने. फादर तोपर्यंत उठून गेले होते, त्यामुळे एकमत झाले.

त्या दिवसापासून फादर सभागृहाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले आहेत. ऊन लागते म्हणून साहेबांनी त्यांना छत्री पाठवली. फादरनी ती आतल्या माणसांना द्या म्हणून परत केली. आतल्यांना ऊन लागत नाही, असे उत्तर आले.

रविवारच्या मिस्सेत त्यांनी प्रवचन केले ते असे: शत्रूने आपली माणसे धरली म्हणून आपल्याला त्याची माणसे धरता येत नाहीत. युद्ध चालू आहे म्हणून 'खून करू नकोस' ही पाचवी आज्ञा रजेवर जात नाही. ज्याने बंदूक उचललेली नाही त्याला मारणे हा खून, मग तो कुठल्याही झेंड्याखाली करा आणि आधी कितीही प्रार्थना करा. लोकांनी शांतपणे ऐकले. बाहेर पडताना बेकरीवाला मला म्हणाला, "फादर छान बोलले. पलीकडच्यांनी ऐकायला हवं होतं."

पहिल्या रांगेत साहेब होते. त्यांची एकही मिस्सा चुकत नाही. ख्रिस्तप्रसादाला ते पुढे आले तेव्हा फादर त्यांच्यासमोर थांबले, नकारार्थी मान हलवली आणि प्रसाद न देता पुढच्या माणसाकडे गेले. साहेब निमूटपणे जागेवर जाऊन गुडघ्यावर बसले. समितीने मात्र बिशपांना पत्र लिहिले, की फादर सैन्याच्या भावना दुखावतात. पत्राचा मसुदा माझा होता. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

कलम तिसरे: लाल शाईचे पेन

कचेरीतले माझे लाल शाईचे पेन कुणालाही देऊ नये. मोडून टाकावे. नवीन कारकुनाला हवे असल्यास त्याने पुढचा मजकूर वाचून मगच मागावे.

गेल्या शुक्रवारी साहेबांच्या कार्यालयातला लेखनिक माझ्या टेबलाशी आला. हातात टंकलेली यादी: खालची आळी, सात नावे, सात घरक्रमांक, क्रमांकांच्या चढत्या क्रमाने. म्हणाला, "जरा आमचे पत्ते पडताळून द्या." मी नोंदवही काढली. पहिल्याच ओळीत घड्याळजीच्या पुढे घर क्रमांक चौदा लिहिले होते. चौदा क्रमांकाचे घर नऊ वर्षांपूर्वी पडले, तिथे आता मोकळी जागा आहे. घड्याळजी राहतो एकेचाळीसमध्ये. आकडे उलटे पडले होते.

मी लाल शाईने चौदा खोडले, वर एकेचाळीस लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. लेखनिक म्हणाला, "बरं झालं बघितलंत. नाहीतर मोकळ्या जागेसमोर उभे राहिलो असतो."

यादी कशासाठी आहे ते मी विचारले नाही. आमच्या कचेरीत तसे विचारायची पद्धत नाही. यादी बरोबर आहे का एवढेच विचारतात. पण मला कळले नव्हते का? युद्धाच्या दिवसांत सैनिकी कार्यालयातून खालच्या आळीतली सात नावे येतात, ती नाताळची भेट द्यायला नाही, एवढी अक्कल मला आहे. मग मी न विचारता का सोडले? याचे उत्तर मी सहा दिवस शोधतो आहे. सापडते ते उत्तर फार साधे आहे, आणि म्हणून मला ते पुन्हा पुन्हा खोटे वाटते: चूक दिसली की मला राहवत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शिपाई थेट एकेचाळीसमध्ये गेले. घड्याळजी बनियनवर होता. त्याने चष्मा घेऊ का विचारले. घे म्हणाले.

कलम चौथे: डायऱ्या

अठ्ठावीस डायऱ्या भाचीला. ती शाळेत शिकवते, तिला वाईट अक्षर वाचायची सवय आहे. माझे बरे आहे. ताईने वाचू नयेत. विशेषतः तिच्या लग्नाचे वर्ष. भाऊजींनी वाचायला हरकत नाही, पण ते वाचणार नाहीत. त्यांचा उल्लेख किती वेळा आहे हे त्यांना माहीत नाही.

गेल्या शुक्रवारच्या पानावर मी लिहिले आहे: "आज एक चूक दुरुस्त केली. समाधान वाटले." हे पान भाचीने फाडू नये. फाडावेसे वाटेल.

त्याच पानावरून मी मंगळवारी पापनिवेदनाला गेलो. तिथे बोललेले फादरनी कुणाला सांगायचे नसते. माझ्यावर तसे बंधन नाही, हे मी आधी त्यांनाच विचारून घेतले.

"पाप काय?" फादरनी विचारले. ते पायरीवरच बसले होते, मी शेजारी. पहारेकरी लांब उभा राहिला, तेवढे त्याला कळते.

"अचूकपणा," मी म्हणालो.

"ते पाप नव्हे, ती तुझी नोकरी. पुढे सांग."

"विचारलं नाही."

"हां," फादर म्हणाले. "आता काय करणार?"

"साहेबांना सांगतो, त्याला सोडा, त्याच्या बदल्यात मला धरा."

"बदली?" फादर उखडले. "म्हणजे माणूस धरणं ठीक, फक्त कुठला ते ठरवू? बदली मागितलीस की त्यांचा व्यवहार तू मान्य केलास. देवाने माणूस गहाण ठेवायला केलेला नाही रे. एकाला काढून दुसरा ठेवला तरी गहाण ते गहाणच."

"मग काय करू?"

"ते मला विचारू नकोस. सगळं मला विचारता आणि मग मला पायरीवर बसवता."

प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकच सांगितले: आत डोकावून घड्याळजीला तोंड दाखव. मी खिडकीशी गेलो. सभागृहात लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. भिंतीवर मुलांनी रंगवलेला दहा आज्ञांचा तक्ता आहे. पहाऱ्याच्या पाळ्यांचा कागद त्याच्यावरच चिकटवला होता, चौथीपासून सातवीपर्यंत सगळे झाकलेले. घड्याळजी मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून सभागृहाचे भिंतीवरचे घड्याळ मांडीवर घेऊन उघडत होता. दोन वर्षे ते बंद होते.

मी म्हणालो, "तुझा पत्ता मी दुरुस्त केला."

तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "वाटलंच. लाल शाई बघितली मी. या गावात एवढा सरळ आकडा दुसरं कोण काढतं?"

"मला माफ कर."

"शुक्रवारी बारा वाजायच्या आत हे चालू करतोय. नाहीतर साहेबांचं घड्याळ पुढे असेल, आणि मी दहा मिनिटं आधीच जायचो." मग म्हणाला, "माफीचं बघू. आधी तो पेचकस पलीकडे पडलाय, कुणाला तरी सांग."

कलम पाचवे: सायकल आणि इतर

सायकल घड्याळजीला. त्याची जुनी आहे आणि साखळी सारखी उतरते. तो नसल्यास त्याच्या बायकोला.

वहिनी बुधवारी कचेरीत आल्या होत्या. सगळ्यांदेखत माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, यादी बदलता येते का?" त्यांनी विचारले. त्यांना कळले होते, की पत्ता मी दुरुस्त केला; आणि हेही, की ओळ मी हलवली नाही. यादी घरक्रमांकाच्या चढत्या क्रमाने आहे आणि गोळ्या यादीच्या क्रमाने. एकेचाळीस नियमाने सहावा यायला हवा. पण मी आकडा बदलला आणि ओळ तिथेच ठेवली, म्हणून तो पहिला राहिला.

मी कचेरीतली प्रत काढून पेन उचललेसुद्धा. मग दिसले, की ओळ खाली नेली तर सतरा क्रमांकाची आजी पहिली येते. पंचाहत्तर वर्षांची, बेकरीत पाव बांधून देते. आजीला खाली नेले तर तेवीस क्रमांकाचा शिंपी. मी सातही ओळी मनात वरखाली करून पाहिल्या. आयुष्यात प्रथमच माझ्यासमोर असा कागद होता, जो कसाही लिहिला तरी चूकच राहतो.

"वहिनी, ही यादी दुरुस्त होण्यातली नाही," मी म्हणालो.

"मग फाडा ना," वहिनी म्हणाल्या.

बावीस वर्षांच्या नोकरीत हे मला सुचले नव्हते. सुचले असते तरी उपयोग नव्हता. साहेबांकडे तीन प्रती आहेत. हे मी वहिनींना सांगितले, याची मला आता लाज वाटते.

दोन उबदार जाकिटे पलीकडे अडकलेल्या आपल्या दोन शिपायांना, ते परत येतील तेव्हा. त्यांना रोज सकाळी प्रार्थनेत आठवतो. त्यांच्यासाठी सात माणसे धरली हे त्यांना कुणी सांगू नये. किंवा सांगावे. यावर मी अजून निश्चित मताला आलो नाही.

माझे खोडरबर पलीकडच्या कचेरीतल्या कारकुनाला. तिकडेही असा एक जण असणार. तिकडेही कुणी कॅप्टन दररोज देवळात जात असेल, कुणी समिती गाद्या मंजूर करत असेल, आणि आपले दोघे "सुरक्षित पाहुणे" म्हणून वहीत असतील. त्या कारकुनाला एवढेच कळवावे: विचार, यादी कशासाठी.

कलम सहावे: दफन

शव मिळाल्यास आईवडिलांच्या शेजारी. दगडावर नाव आणि दोन तारखा, जास्त काही नको. "शहीद" लिहू नये. समिती लिहायला बघेल. कारण सांगतो.

आज सकाळी साडेनऊला मी साहेबांच्या कार्यालयात गेलो. आधी सभागृहात जाऊन बसायचा प्रयत्न केला होता, पण पहारेकऱ्याने अडवले. "यादीत नाव नाही तुमचं. आत कसं सोडू?" मला त्याचे म्हणणे पटले. इतके पटले, की मी अर्धा रस्ता परत आलो होतो.

साहेब टेबलावर जपमाळ ठेवून चहा घेत होते. उभे राहिले, खुर्ची दिली. अतिशय सभ्य माणूस.

"साहेब, यादीत एक नाव राहिलं आहे," मी म्हणालो.

"कुणाचं?"

"माझं. घर क्रमांक नऊ."

"कारकूनसाहेब, तुम्ही वरच्या आळीतले. आपले. तुमचं पलीकडे कोण आहे?"

"माझा धर्मपुत्र पलीकडच्या सैन्यात आहे. त्याच्या स्नानसंस्काराच्या वेळी वेदीसमोर मीच त्याला हातात धरला होता. सतत रडत होता."

"धर्मपुत्र हे काही नातं नव्हे."

"चर्च धरतं, साहेब. लग्नसंबंध जुळवताना फादर पूर्वी ते रक्ताच्या नात्यासारखं पाळायचे. तुमच्या नियमात 'कुणी ना कुणी' असं आहे. मी वाचलंय."

साहेबांनी कप खाली ठेवला. धर्माच्या बाबतीत ते फार काटेकोर आहेत. "तुम्ही माझी अडचण करताय."

"नोंद अपुरी राहिलेली चालत नाही मला. तुम्हालाही चालत नाही."

त्यांनी यादी काढली आणि तळाशी आठवी ओळ लिहू लागले. मी म्हणालो, "क्षमा करा साहेब, यादी चढत्या क्रमाने आहे. नऊ हा त्या खोडलेल्या चौदाच्याही आधी येतो."

ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला वाटतं मला हे आवडतं? माझे दोन पोरगे पलीकडे आहेत. मी त्यांच्या आयांना पत्र लिहू की काय करू?"

"पत्र लिहा," मी म्हणालो. "मसुदा मी करून देतो."

ते हसले नाहीत. त्यांनी सगळ्यात वर माझी ओळ घातली आणि उद्या बाराच्या आत सभागृहात हजर व्हा म्हणाले. घड्याळजी दुसरा झाला. म्हणजे शुक्रवारऐवजी शनिवार. मी त्याला सोडवला नाही, बदलीही झालो नाही. एक दिवस मिळाला, आणि तोही त्यांच्याच नियमाने. याला शहीद म्हणत नाहीत. याला रांगेत घुसणे म्हणतात.

तिथून फादरकडे गेलो. "ही आत्महत्या होते का?" मला तीच भीती होती.

"गोळी कोण झाडणार?"

"ते."

"मग ते पाप त्यांच्याकडेच राहू दे, तू उचलू नकोस. तू फक्त आधीच बसायला हवं होतं तिथे जाऊन बसतोयस. पण खरं सांग, मोठेपणाची हौस आहे का?"

"थोडी आहे."

"केव्हा जास्त असते?"

"दुपारी. सकाळी नुसती भीती असते."

"मग सकाळी जा," फादर म्हणाले.

ताईला जेवताना सांगितले. तिने ताट सरकवले. "तुला कुणी सांगितलं होतं? सगळं गाव गप्प बसलंय, त्यात तू एकटा बसला असतास तर आभाळ कोसळलं असतं का?" भाऊजी म्हणाले, "मी साहेबांशी बोलतो, काहीतरी मार्ग निघेल. तुमच्यापुरता." ताई त्यांच्याकडे वळली. "त्याच्यापुरता? बाकीच्यांचं काय, गाद्या?" मग ती उठली आणि माझा चांगला शर्ट इस्त्री करायला घेतला. अजून तेच चालले आहे. एकाच शर्टाला पाऊण तास झाला.

कलम सातवे: कॅप्टनसाहेब

चर्चमधली माझी जागा, डावीकडच्या खांबामागची, कॅप्टनसाहेबांना. तिथून वेदी दिसत नाही, फक्त ऐकू येते. त्यांनी तिथे बसून पाहावे.

मी त्यांना क्षमा करतो, असे इथे लिहायला हवे. मी ते चार वेळा लिहिले आणि प्रत्येक वेळी वाक्य फार नीटनेटके दिसले. तूर्त एवढे लिहितो: क्षमा करायची इच्छा व्हावी, अशी इच्छा आहे. उरलेले काम उद्या सकाळी.

कलम आठवे: सही व साक्ष

(शुक्रवार सकाळी, सभागृहात. मुलांच्या बाकावर लिहीत असल्यामुळे अक्षर लहान आहे.)

दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून घड्याळजी बाद. फादरना एका अंत्यविधीला वरच्या आळीत नेले आहे. मुद्दाम आजचीच वेळ काढली असे पहारेकरी पुटपुटला. आतल्या उरलेल्या सहांपैकी कुणाची सही घ्यावी, तर साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे हयात असावा लागतो, आणि तशी खात्री कुणाला देता येईना. सतरा क्रमांकाची आजी म्हणाली, "मला सही येत नाही बाबा, पण हयात राहायला आवडेल."

दहाच्या सुमारास सुतार आला. साहेबांनी त्याला माप घ्यायला पाठवले होते. तो दारात उभा राहून पहारेकऱ्याला म्हणाला, "टेप विसरलो." तीस वर्षांत हा माणूस टेप विसरलेला नाही, तो कानामागच्या पेन्सिलीसारखा त्याच्या अंगालाच असतो. आता टेपशिवाय आलोच आहे तर सही करून जातो म्हणाला. पहारेकऱ्याला सही मागितली, तर तो म्हणाला साहेबांना विचारावे लागेल, आणि विचारायला गेला. अकराला साहेब स्वतः आले. सातव्या कलमातली जागा चर्चची आहे, मिळकत नव्हे, म्हणून ते बाद होत नाहीत.

प्रत्येक साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहायचे असते, की मृत्युपत्र करणाऱ्याने आपल्यासमोर स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय सही केली. मी साहेबांना ते वाक्य वाचून दाखवले आणि पेन पुढे केले.

त्यांनी पेन घेतले. वाक्य दोनदा वाचले. मग म्हणाले, "हे मी लिहू शकत नाही."

"का साहेब?"

"खोटं होईल ते."

घड्याळजीने मान वर केली. "साहेबांना गोळी चालते," तो म्हणाला, "खोटं चालत नाही." आजी हसली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

साहेब रागावतील असे वाटले. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा, वेदीसमोर फादर त्यांना ओलांडून गेले तेव्हा होता तसा झाला. ते मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे छातीशी आले. "खोटी साक्ष द्यायची नाही, हे मला आईने शिकवलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "काय लिहू मग?"

"खरं असेल ते," मी म्हणालो. "जागा कोरी ठेवतो."

अकरा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. पलीकडून काही निरोप नाही. मी आता सही करतो आणि कागद त्यांच्याकडे देतो. यापुढच्या ओळींवर माझा काही हक्क नाही.

(सही) मृत्युपत्र करणारा, घर क्रमांक नऊ

साक्षीदार पहिला: सही करताना पाहिला. रेघ सरळ आली. माझ्याकडे याच्या मापाची पेटी नाही आणि मी करणार नाही. (सही) सुतार

साक्षीदार दुसरा: सही माझ्यासमोर केली. मृत्युपत्र करणारा दबावाखाली आहे. दबाव माझा आहे. (सही) कॅप्टन

स्थळ: चर्चचे सभागृह. शुक्रवार, सकाळी अकरा वाजून एकेचाळीस मिनिटे.